बिनओकची वाईन आणि आपलं ताट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशकात राहते आणि मामाची दिंडोरीला द्राक्षबाग आहे, एवढ्याच भांडवलावर सगळे नातेवाईक आणि ऑफिसातले लोक मला वाईनचं विचारत असतात. बाग खायच्या द्राक्षांची आहे हे सांगून काही उपयोग होत नाही. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचे इथे लिहून टाकलेत, हवा तो उचलून वाचा, जिथे उत्तर दुसरीकडे दिलंय तिथे नंबर टाकलाय. २१ च्या खालच्यांनी फक्त जेवणाचा भाग वाचावा.

१. अनओक्ड वाईन म्हणजे नक्की काय?

ओक म्हणजे इथे आडनाव नाही, झाड. आणि ओकण्याशीही संबंध नाही (हा विनोद निदान वीस जणांनी मला ऐकवलाय, आता पुरे). या झाडाच्या लाकडाची पिंपं करतात, फ्रान्समधल्या बोर्दोचं नेहमीचं पिंप २२५ लिटरचं असतं, त्यात वाईन काही महिने ते दोनेक वर्षं ठेवली की लाकडाचा वास, चव आणि थोडा तुरटपणा तिच्यात उतरतो. अनओक्ड म्हणजे जिला हे लाकूड लागलेलंच नाही. ती बहुतेक वेळा स्टीलच्या टाकीत आंबते, तिथेच मुरते आणि तिथूनच बाटलीत जाते. कुठे सिमेंटच्या टाक्या असतात, कुठे मातीचे रांजण, जॉर्जिया या देशात तर रांजण जमिनीत पुरून त्यात वाईन करतात.

इकडच्या एखाद्या वायनरीची टूर केलीत तर हंगामात जा, जानेवारी ते मार्चमध्ये, आणि कोणाची हरकत नसेल तर टाकीला हात लावून बघा. बाहेर ऊन मी म्हणत असतं आणि टाकी मात्र फ्रीजमधून काढलेल्या दुधाच्या पातेल्यासारखी गार, बाहेरून घाम फुटलेली. व्हाईट वाईनचा रस साधारण १२ ते १६ अंशांवर सावकाश आंबवतात कारण तापला तर फळाचा वास उडून जातो. तो वास जपायचा हाच या सगळ्या खटाटोपाचा मुद्दा.

२. मग लोक ओक वापरतातच कशाला?

चवीसाठी, आणि लाकडातून अगदी किंचित हवा आत जाते त्याने रेड वाईनचा तुरटपणा मऊ होतो म्हणून. पिंप आतून आगीवर भाजतात, त्यामुळे व्हॅनिला, खोबरं, धूर, लवंग असे वास येतात. लवंगेची गंमत म्हणजे ओकमधून वाईनमध्ये जे युजेनॉल उतरतं, तेच आपल्या मिसळणाच्या डब्यातल्या लवंगेतही असतं. म्हणून मी सरळ सांगते की ओक म्हणजे वाईनला घातलेला मसाला. मसाला वाईट नसतोच, पण ताटात आधीच किती आहे ते बघून घालावा ना (प्र. ७).

३. ओक नाही म्हणजे स्वस्तातली, हलकी वाईन का?

नाही. नवं फ्रेंच पिंप महाग असतं आणि चार-पाच वापरांत त्याची चव संपून जाते, त्यामुळे पिंप न वापरून पैसे वाचतात हे खरं. पण लाकूड नसलं की दोष झाकायला काही उरत नाही. डाळ जुनी असली तर फोडणीच्या आमटीत खपून जाते, साध्या वरणात नाही खपत, तसं. फ्रान्सच्या शाब्लीतल्या बऱ्याच शार्डने (हे व्हाईट वाईनचं द्राक्ष), स्पेनच्या रियास बाइशासमधली अल्बारिन्यो, ग्रीसच्या सँटोरिनी बेटावरची असिर्टिको, यांतल्या पुष्कळ बाटल्या लाकडाशिवायच होतात आणि कोणी त्यांना हलक्या म्हणत नाही.

४. लेबल वाचून कसं ओळखायचं?

ऑस्ट्रेलियाच्या बाटलीवर अनओक्ड किंवा अनवुडेड असं सरळ लिहिलेलं सापडतं. आपल्याकडे मागचं लेबल वाचायचं. 'स्टेनलेस स्टील', 'कोल्ड फर्मेंटेड', 'फ्रेश अँड क्रिस्प' असे शब्द असले तर बहुधा बिनओकची. 'बॅरल एज्ड', 'फ्रेंच ओक', 'टोस्टी', 'व्हॅनिला' असलं तर लाकूड आहे. 'रिझर्व्ह' दिसलं तर संशय घ्या, बहुतेक वेळा पिंप असतं. स्पॅनिश बाटलीवर 'होवेन' म्हणजे तरुण, लाकूड नाही किंवा नावापुरतं, आणि रिओहाची 'क्रियान्सा' रेड असेल तर किमान एक वर्ष ओकमध्ये राहिलेली असते.

एक खाचखळगा: पिंप महाग पडतं म्हणून काही जण टाकीतच ओकचे तुकडे किंवा फळ्या सोडतात, चहाच्या पिशवीसारखं. त्यामुळे 'बॅरलमध्ये ठेवलेली नाही' म्हणजे 'अनओक्ड' असं नसतं.

५. पहिली बाटली कुठली घेऊ?

महाराष्ट्रात असाल तर नाशिकची सोविन्यों ब्लाँ किंवा शेनिन ब्लाँ, दोन्ही व्हाईट, दुसरा विचार नको. ही दोन्ही द्राक्षं इकडे रुळवण्यात नाशिकच्या सुला वायनरीचा मोठा वाटा आहे, राजीव सामंतांनी १९९७ च्या सुमारास वेली लावल्या आणि २००० साली पहिल्या बाटल्या बाजारात आल्या. आता यॉर्क, सोमा, व्हालोने, ग्रोव्हर झांपा, अकलूजकडची फ्रातेली, भरपूर नावं आहेत.

सोविन्यों म्हणजे हिरवा वास: ढोबळी मिरची, कापलेलं गवत, लिंबाची साल, पेरूही. शेनिन जरा मवाळ, पिकलेलं पेअर, मध, आणि आपल्याकडच्या बऱ्याच शेनिन किंचित गोडसर ठेवलेल्या असतात. ज्यांनी कधीच वाईन प्यायलेली नाही त्यांना शेनिन द्या, ज्यांना ताकात साखर चालत नाही त्यांना सोविन्यों. शेनिन मुळची फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातली, आज सगळ्यात जास्त दक्षिण आफ्रिकेत लावतात, त्यामुळे परदेशात असाल तर आफ्रिकेची बाटली स्वस्त आणि मस्त मिळते, फक्त प्र. ४ प्रमाणे मागचं लेबल वाचा कारण तिकडे ओकवाली शेनिनही असते.

६. आपण बाजारातून आणतो त्याच द्राक्षांची वाईन करतात का?

नाही. आपण खातो ती थॉमसनसारखी बिनबियांची, पातळ सालीची, मोठ्या मण्यांची. वाईनची बारीक, बिया असलेली, साल जाड. मामाच्या बागेत जशी एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर गोडी छाटणी होते तशी वाईनच्या बागेतही दोनदा छाटणी होतेच, पण माल खायला दिला तर पोरं थुंकून टाकतील.

७. आपल्या जेवणाबरोबर बिनओकचीच बरी असं का म्हणता?

एक प्रसंग सांगते. चुलतभाऊ दुबईहून येताना ड्युटी फ्रीमधून एक शार्डने घेऊन आला, चांगली महागातली, पिंपात मुरलेली. आईने त्या दिवशी सुरमई तळली होती, आगळ, हळद, तिखट, मीठ लावून तांदळाच्या पिठात घोळवून. मावशीने घोट घेतला, सुरमईचा तुकडा तोंडात टाकला, परत घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवून म्हणाली, "अगं, सुताराच्या दुकानात जेवायला बसल्यासारखं वाटतंय." भाऊ हिरमुसला बिचारा. मग फ्रीजमध्ये दारात उभी केलेली नाशिकची सोविन्यों काढली, तिच्या जवळपास चौथाई किमतीची, आणि त्याच सुरमईबरोबर ती अशी काही लागली की आईला दुसरा घाणा तळायला घ्यावा लागला.

शार्डने वाईट नव्हती हो. पण आपल्या ताटात आंबट असतं (कोकम, चिंच, लिंबू, दही), तिखट असतं, खोबरं असतं, दाण्याचं कूट असतं, वर गोडा मसाला. त्यावर वाईनने आपली लवंग, आपलं खोबरं, आपला धूर आणला की गर्दी होते. शिवाय लाकडाचा तुरटपणा मिरचीबरोबर कडू लागतो. आणि पदार्थ वाईनपेक्षा आंबट असला तर वाईन पाणचट, बेचव होते, म्हणून वाईन निदान ताटाइतकी तरी आंबट पाहिजे. स्टीलमधली व्हाईट नेमकी ताजी आणि आंबूस असते. माझ्या डोक्यात हे एवढं बसलंय की घरी पाहुणे येणार असले तर मी आधी विचारते आंबट काय करणार आहेस, आणि मग बाटली ठरवते.

८. माशाबरोबर कुठली?

हा माझा आवडता प्रश्न.

रवा लावून तळलेले बोंबील: स्पार्कलिंग, ड्राय म्हणजे गोडी नसलेली. बोंबलाचं तेल आणि कुरकुरीत रवा, त्यावर बुडबुडे, तोंड दर घासाला स्वच्छ होतं. हिरव्या चटणीचं भरलं पापलेट: सोविन्यों, कारण तिचा हिरवा वास कोथिंबीर आणि हिरव्या मिरचीच्या घरचाच वाटतो. तिसऱ्या: ड्राय शेनिन, आणि बाहेर असाल तर म्युस्काडे, फ्रेंच लोक ती कालवांबरोबर पितात, तिसऱ्याही त्याच गोतावळ्यातल्या. नारळाच्या दुधातली कोळंबी: किंचित गोडसर शेनिन. बांगड्याला अंगचं तेल असतं, त्याला धारदार आंबट वाईन लागते. पोर्तुगालात भाजलेल्या सार्डिनबरोबर विन्यो व्हेर्दे पितात, गोव्यात ती मिळाली तर साध्या भाजलेल्या बांगड्याबरोबर घ्या. रेशाद मसाल्याचा बांगडा मात्र तिखट आणि व्हिनेगरवाला, तिथे थंडगार रोझे, म्हणजे गुलाबी वाईन.

रेड नको. रेडमधलं लोह आणि माशाचं तेल एकत्र आलं की तोंडात नाणं धरल्यासारखी चव येते. सुकट आणि सुक्या बोंबलाबरोबर मी कुठलीच वाईन देत नाही, सगळं करून बघितलंय.

९. आणि झणझणीत? मिसळ, तांबडा रस्सा, ठेचा?

अल्कोहोलने मिरचीची आग वाढते, ती कमी होते हा बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. त्यामुळे जितकं तिखट तितकी वाईन कमी अल्कोहोलची, जास्त थंड आणि थोडी गोडसर. गोडसर शेनिन किंवा रिस्लिंग. तुरट आणि ओकवाली रेड तर अजिबात नको, जीभ सालटून निघाल्यासारखी होते. तांबडा रस्सा मध्यम तिखट असेल तर त्याला ही गोडसर व्हाईट चालते.

नाशिकची मिसळ? ताक. खरंच. वायनरीच्या रस्त्यावर मिसळीची इतकी ठिकाणं आहेत की लोक दोन्ही एका दिवसात करतात, करा, पण सकाळी मिसळ आणि संध्याकाळी वाईन. मध्ये झोप काढा.

१०. आम्ही शाकाहारी आहोत, आमचं काय?

तुमची तर चैन आहे. अळूवडी आणि गोडसर शेनिन ही जोडी मला सगळ्यात जास्त आवडते, चिंच-गूळ आणि वरचा खसखस-तिळाचा खमंगपणा, वाईनमध्येही तोच आंबट-गोड खेळ चाललेला असतो. कोथिंबीर वडीला सोविन्यों. थालीपीठ आणि लोण्याचा गोळा असेल तर बिनओकची शार्डने, लोण्याला पेलेल असं तिच्यात अंग असतं पण लाकूड नाही. भरली वांगी आणि मसालेभाताला रोझे, झिनफंडेलची वगैरे. खानदेशी भरिताला धुराचा वास असतोच, वाईनमध्ये परत धूर नको, हलकी गार केलेली रेड (प्र. ११, १२). गरम वरण-भात-तूप-लिंबू आणि ड्राय शेनिन हे ऐकून लोक हसतात, मी एकटी असले की हेच जेवते.

लोणच्याची फोड खाऊन घोट घेऊ नका, मोहरीचं खार आणि मेथी वाईनला मारून टाकतात. सोलकढी स्वतःच पेय आहे, तिच्यासमोर दुसरं पेय कशाला. उपासाच्या साबुदाणा वड्याबरोबर वाईन चालते का हे कृपया मला विचारू नका, आजीला विचारा.

११. चिकन-मटणाला रेडच लागते ना? बिनओकची रेड असते?

असते की. फ्रान्सच्या बोजोलेची गामे बहुतेक लाकडाशिवायच करतात, जांभूळ-करवंदासारखी रसाळ, तुरटपणा कमी. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी येणारी बोजोले नूव्हो तर काही आठवड्यांचीच असते. आपल्याकडे तरुण, साध्या रेंजमधल्या काही शिराज किंवा झिनफंडेल तशा मिळतात. गावठी कोंबडीचा पातळ रस्सा, खिमा-पाव, कटलेट, यांना छान.

पांढऱ्या रश्शाला रेडची गरजच नाही, काजू-खसखस-नारळाच्या दुधाला बिनओकची शार्डने किंवा व्हिओनिए (हीही व्हाईटच) लावून बघा.

आता माझ्याच नियमाला अपवाद: सुकं मटण, वाटण चांगलं भाजलेलं, लवंग-दालचिनी पुढे आणि तिखट बेताचं, अशा वेळी ओकवाली शिराज खरोखर बहरते, लवंगेला लवंग भेटते. कोरडं आणि आंबट नसलेलं असलं पाहिजे एवढंच.

१२. किती थंड करायची? रेड तर रूम टेंपरेचरला पितात ना?

व्हाईट आणि रोझे ८ ते १० अंश, म्हणजे फ्रीजमधून काढून पाच-दहा मिनिटांनी. हलकी रेड १४ ते १६. ते 'रूम टेंपरेचर' युरोपातल्या जुन्या दगडी घरांचं, मे महिन्यातल्या जळगावचं नव्हे. रेडही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. बर्फ टाकू का असं विचारतात: चांगल्या बाटलीत नको, पण उन्हाळ्यात दुपारी गोडसर शेनिनमध्ये दोन खडे टाकले तर मी तरी बघून न बघितल्यासारखं करते.

१३. दुकानातून घेताना काय बघायचं, आणि घरी किती दिवस टिकते?

आपल्याकडचं 'वाईन शॉप' म्हणजे जिथे वाईन सोडून सगळं मिळतं. शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली बाटली घेऊ नका, आतून फ्रीजमधली किंवा खोक्यातली मागा. मागच्या लेबलवरची तारीख बघा, बिनओकची साधी व्हाईट एक-दोन वर्षांत प्यायची असते, 'जुनी तितकी चांगली' हे इथे लागू नाही. मध्यंतरी एका दुकानात मला पाच वर्षांपूर्वीची सोविन्यों 'मुरलेली आहे मॅडम' म्हणून दिली. रंग चहासारखा, वास सडक्या सफरचंदाचा. व्हिनेगर म्हणूनही चालली नाही.

फिरकीचं झाकण म्हणजे हलका माल असंही नाही, ताज्या वाईनला ते उलट बरं. उघडल्यावर झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस. चौथ्या दिवशी कोळंबीच्या कढईत.

१४. वाईन शाकाहारी असते का?

द्राक्षांचीच, पण गढूळपणा काढायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसिन, जिलेटिन किंवा माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात. तो तळाशी बसतो आणि काढून टाकतात, तरी ज्यांना चालत नाही त्यांना चालत नाही. व्हाईटसाठी बऱ्याच वायनऱ्या बेंटोनाईट नावाची माती वापरतात, तिला काही हरकत नसावी. 'व्हीगन' लिहिलेली बाटली घेतली की डोक्याला ताप नाही, नाहीतर वायनरीला मेल टाकून विचारा.

१५. लेबलवर अनओक्ड लिहिलंय पण लोण्यासारखी लागली. फसवलं का?

नाही. लोण्याची चव ओकची नसतेच. वाईनमधलं कच्च्या सफरचंदासारखं मॅलिक आम्ल जिवाणू वापरून दुधातल्यासारख्या मवाळ लॅक्टिक आम्लात बदलतात, त्यात डायअसिटिल तयार होतं, तो लोण्याचा वास. हे स्टीलच्या टाकीतही होतं. तसंच मेलेल्या यीस्टच्या गाळावर वाईन काही महिने ठेवली ('सुर ली' लिहितात) तर ती सायीसारखी दाट लागते, पावाचा वास येतो. व्हॅनिला, खोबरं, लाकडाचा भुसा आला तर मग संशय घ्या.

१६. पिंपात ठेवलेली वाईन कधी अनओक्डसारखी लागू शकते?

हो, आणि इथेच भल्याभल्यांची गडबड होते. जुन्या पिंपाची चव धुऊन गेलेली असते (प्र. ३). जर्मनीत मोझेलला 'फुडर' नावाची साधारण १००० लिटरची पिंपं वर्षानुवर्षं वापरतात, त्यातली रिस्लिंग प्यायलीत तर लाकूड शोधून सापडणार नाही. कागदावर ओक, तोंडात नाही. जेवणाच्या दृष्टीने ती बिनओकचीच समजा.

१७. 'फ्युमे' लिहिलंय, म्हणजे धुरकट, ओकवाली?

कुठली त्यावर आहे. फ्रान्सची पुई-फ्युमे ही ल्वारमधल्या गावाकडची सोविन्यों, फ्युमे म्हणजे धुरकट, पण ओकचा धूर नव्हे, गारगोटी घासल्यावर येतो तसा वास, आणि ती बहुतेक स्टीलचीच. 'फ्युमे ब्लाँ' हे मात्र कॅलिफोर्नियात रॉबर्ट मोंडावींनी १९६० च्या दशकाच्या शेवटी आपल्या सोविन्योंला दिलेलं विक्रीचं नाव, आणि तिला बऱ्याचदा ओक असतो. नावं जुळी, माशाबरोबर पहिली.

१८. शिराजमध्ये मिरीचा वास आला, तो ओकचा का?

नाही, द्राक्षाच्या सालीचा. काळ्या मिरीत जे रोटंडोन असतं तेच शिराजच्या सालीत असतं.

१९. पुरणपोळीबरोबर काय द्यायचं?

नेहमीची ड्राय वाईन नको, पुरणाच्या गोडापुढे ती चिंचेच्या पाण्यासारखी लागते. वाईन पदार्थापेक्षा गोड पाहिजे, म्हणून लेट हार्वेस्ट शेनिन, नाशकातही होते, द्राक्षं वेलीवरच जास्त दिवस ठेवून गोडी वाढवलेली असते. छोट्या ग्लासात, चांगली गार, पोळीवर तूप सढळ. श्रीखंडालाही हीच, पण केशर-वेलची बेताची असेल तर. आणि कटाची आमटी वाढली की ग्लास बाजूला सरकवा, तिच्यात गोडा मसाला, चिंच, गूळ, तिखट सगळं एकदम असतं, तिला फक्त भात लागतो.